क्षणांची बचत आणि श्रमांचे मोल

उज्जैन येथील वेधशाळा सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात उभारली. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले. तेथील सम्राट यंत्राच्या बांधणीस अपार श्रम पडले असतील. परंतु ऊन पडताच त्याची छाया वेळ दाखवू लागते. ते सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही.

संगणकाचे तसे नाही. कळ दाबल्यावर तो प्रथम आपल्या भागांची तपासणी करतो, मग चकतीवरील मूळ प्रणाली स्मृतीत आणतो आणि त्यानंतर इतर आज्ञावल्या सुरू करतो. हा काळ कमी करता येतो. २००८ साली अर्जन व्हॅन डी व्हेन व औके कोक या अभियंत्यांनी प्रत्येक टप्प्यास ठरावीक सेकंद नेमून देऊन एक लहान संगणक पाच सेकंदांत सुरू करून दाखविला. मात्र त्यासाठी होणारे श्रम सार्थकी लागतात काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर हिशेबाने मिळते. रोज एक मिनिट वाचले, तर वर्षाच्या २५० कामकाजाच्या दिवसांत एका संगणकामागे चार तासांहून थोडा अधिक वेळ वाचेल. एवढ्यासाठी तज्ज्ञाने महिनाभर खपणे परवडणारे नाही. परंतु तीच सुधारणा एक हजार संगणकांवर लागू झाल्यास वर्षाकाठी चार हजारांहून अधिक तास वाचतात. श्रम एकदाच होतात, लाभ मात्र दरवर्षी मिळतो.

तथापि वाचलेले प्रत्येक मिनिट कामी येतेच असे नाही. संगणक सुरू होईतो लिपिक टपाल लावीत असेल, तर त्याचा वेळ वाया गेलेला नसतो. महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या मध्यवर्ती संगणकास या सुधारणेचा लाभ अल्पच. याउलट, वारंवार वीज जाणाऱ्या गावी दाखल्यासाठी वीस माणसे रांगेत उभी असतील, तर एका मिनिटाचा खोळंबा वीस जणांचा होतो. शाळेतील पस्तीस मिनिटांच्या तासिकेतून पाच मिनिटे गेली, तर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा सातवा हिस्सा बुडतो.

म्हणून प्रथम सोपे उपाय योजावेत. अनावश्यक आज्ञावल्या आपोआप सुरू होऊ देऊ नयेत. फिरत्या चकतीऐवजी घनस्थिती साठवण बसवावी. तीत हलणारे भाग नसल्याने माहिती त्वरित वाचली जाते. त्याउपर नव्याने आज्ञावली रचण्याचा खर्च करावयाचा झाल्यास, किती माणसे किती वेळा खोळंबतात याची नोंद आधी घ्यावी. केवळ यंत्राच्या वेगावरून हा निर्णय होऊ नये.