पाऊस काय म्हणतो?

दोन मराठी माणसे जिन्यात भेटली, की पहिला प्रश्न प्रकृतीचा आणि दुसरा पावसाचा. "काय, तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?" जणू पाऊस म्हणजे गावाकडचे कुणी तऱ्हेवाईक आजोबाच! आणि वयाने तो आजोबा आहेच म्हणा. संस्कृतातल्या 'प्रावृष्'चा प्राकृतात 'पाउस' झाला आणि तोच आपल्या ओसरीवर येऊन बसला. हिमाचा काळ तो हिवाळा, उष्णाचा तो उन्हाळा. 'वर्ष' या शब्दाच्या पोटातही पाऊसच आहे. तेव्हा "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" असे दटावणारे काका अगदी व्युत्पत्तीला धरून बोलत असतात.

'मान्सून' मात्र दर्यावरून आला. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. अरब खलाशी या हंगामी वाऱ्यांच्या भरवशावर गलबते हाकीत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढे इंग्रजांनी घेतला; आणि घरात 'मोसम' असताना आम्ही तोच माल परदेशी वेष्टनात पुन्हा घेतला. 'सायक्लोन'ची कथा उलटी. तो शब्द ग्रीक मुळाचा, पण घडला कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन यांनी खलाशांसाठी लिहिलेल्या 1848 च्या पुस्तकात तो आहे. मनात प्रतिमा होती सापाच्या वेटोळ्याची.

आमच्या खेड्यापाड्यांनी तर नक्षत्रांचेही बारसे नव्याने केले. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा'. 'हस्त' म्हणजे खरा हात. लोकांनी त्याचा हत्ती केला, तो पाटावर काढला आणि मुलींनी त्याभोवती भोंडल्याचा फेर धरला. पंडित याला अपभ्रंश म्हणतील. मला विचाराल तर मुळापेक्षा हाच शब्द सरस. सप्टेंबरअखेरीचा तो पाऊस हाताच्या ओंजळीने थोडाच पडतो? सोंडेनेच ओततो!

पण मला खरा चटका लावला तो 'दुर्दिन' या शब्दाने. आज आपण तो वाईट दिवसांसाठी वापरतो. अमरकोशात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की ढगांनी झाकलेला दिवस. म्हणजे आभाळ भरून आले, की दिवस वाईट!

मुंबईकराला हे लगेच पटेल. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73. शहर एकच, पण दुर्दिन उपनगरांचा. एवढा नसला तरी दर जुलैत आमच्या दादरच्या घरात छोटा दुर्दिन उगवतोच. खोलीभर दोऱ्या, त्यावर आठ दिवसांचे ओलेकच्च कपडे, आणि डोक्यावर पायजम्याची नाडी घेऊन वर्तमानपत्र वाचणारा मी.

अशाच एका जुलैत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून मामांचा फोन आला. सौभाग्यवतींनी कपड्यांचे गाऱ्हाणे सुरू केले, "मामा, कंटाळा आला हो या हवेचा!" मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, इकडे कपडे तासात वाळतात. जनावरांना टँकरनं पाणी चाललंय."

त्याच जिल्ह्यात महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि माणाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतो. तिथे ढगाळ दिवसाला वाईट म्हणेल कोण? तिथला शब्द 'दुष्काळ'. फोड केली तर वाईट काळ, एवढेच. पाण्याचे त्यात नावही नाही. वाईट काळ म्हटले, की पाऊस नाही, हे सांगावेच लागले नाही. 1972 सालचा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना तर नाहीच नाही. अलीकडे अतिवृष्टीने पिके कुजली, की 'ओला दुष्काळ' म्हणतात. शब्द विचित्र, पण शेतकऱ्याच्या हिशेबात चोख बसणारा.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता मामांचा पुन्हा फोन आला. आवाज चढा होता. "हत्ती आला बरं का! ओढा दोन्ही थड्या भरून चाललाय." आणि मग हळूच, "सूनबाईंना विचार, कपडे वाळले का?"