उतारावरचा ट्रेलर

पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा (ता. मुरबाड) येथील यात्रेचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैल गाडी केवळ ओढत नाहीत, उतारावर तीच गाडी मानेवर तोलूनही धरतात. चिखलणी उरकलेल्या पॉवर टिलरला ट्रेलर जोडताना नेमकी ही दुसरी बाजू नजरेआड होते.

परदेशात काही हौशी मंडळी बसून चालवायच्या जुन्या गवतकापणी यंत्राची पाती काढतात, मागे आकडा बसवतात आणि अंगणातील होडी ट्रेलरसह हलवतात. सपाट, टणक जमिनीवर 1 टनाचा ट्रेलर सरकवायला 20-30 किलोंचा जोर पुरतो. दहा फुटांत एक फूट चढ आला, की त्यात सुमारे 100 किलोंची भर पडते. इंजिन कितीही दमदार असो, जोर मिळतो तो चालक चाकांवरील वजनातून आणि जमिनीच्या पकडीतून. ओल्या गवतावर हलके यंत्र जागीच घसरते. उतरताना तर ट्रेलरच त्याला ढकलू लागतो.

पॉवर टिलरचा धोका आणखी निराळा. वळण्यासाठी ज्या बाजूचा क्लच दाबावा, त्या बाजूचे चाक मोकळे होते. सपाटीवर यंत्र त्याच बाजूला वळते. तीव्र उतारावर मात्र ते मोकळे चाक भारामुळे पुढे पळते आणि यंत्र विरुद्ध दिशेला जाते. नवख्या चालकाला हे कुणी सांगितलेले नसते! उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, तेथे वळणाच्या क्लचला हात लावू नये, हँडल रेटूनच वळावे. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच, आणि आकडा सोडण्याआधी चाकांखाली दगड.