कुकरची करामत

शाळेतून घरी यावे, दप्तर खुंटीला अडकवावे, तोच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू यावी, की पोटातील भूक अधिकच जागी होते. वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी शिजवणाऱ्या या भांड्याने खेडोपाडीच्या कित्येक रोग्यांच्या जिवाचेही रक्षण केले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग खाली कितीही जाळ लावा, ते त्याहून अधिक तापत नाही. जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. डाळ लवकर शिजते ती यामुळेच.

परंतु या वीस अंशांचे मोल डाळीपुरतेच नाही. धनुर्वाताचे जंतू मोठे चिवट! त्यांची कवचधारी बीजरूपे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. १२१ अंशांच्या कोंडलेल्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे ठेवली, म्हणजे मात्र ती नाश पावतात. हे साधण्यासाठी लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये एक यंत्र सिद्ध केले. त्याची मूळ कल्पना स्वयंपाकाच्याच भांड्यातील होती. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६७९ मध्ये, देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनमध्ये हाडेसुद्धा मऊ करणारे बंद भांडे दाखवले होते. ते फुटू नये म्हणून पुढे त्याने त्याला वजनाची झडप बसवली. आपल्या कुकरच्या शिट्टीची ती पणजीच म्हणायची!

जेथे मोठे यंत्र नसे, तेथे डॉक्टर सुया, चिमटे आणि काचेच्या पिचकाऱ्या चक्क कुकरमध्ये घालीत. काम सोपे दिसते, पण त्यात एक मेख आहे. आतील हवा आधी वाफेने पूर्णपणे बाहेर घालवावी लागते. हवा राहिली, तर दाब वाढलेला दिसतो, परंतु उष्णता कमी पडते आणि जंतू जिवंतच राहतात. म्हणून हे काम जाणत्यांनीच करावयाचे.

अळिंबीचे बियाणे तयार करणारे काही शेतकरीही गव्हाचे दाणे कुकरमध्येच निर्जंतुक करतात. त्यात हयगय झाली, तर बाटलीत पांढऱ्याशुभ्र तंतूंऐवजी हिरवी बुरशी माजते आणि सारे दाणे उकिरड्यावर टाकावे लागतात.