जंगलाचा घसारा कोण मांडणार?

कारखान्यातले यंत्र झिजले की हिशेबनीस त्याचा घसारा लावतो. जंगल तुटले किंवा भूजल खोल गेले, तर जीडीपीतून मात्र काहीच वजा होत नाही. उलट तोडलेल्या लाकडाची किंमत त्यात जमा होते. शेत विकून आलेल्या पैशाला वर्षाचे उत्पन्न म्हणावे, तसाच हा प्रकार. पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ सर पार्थ दासगुप्ता यांच्या संशोधनाचा रोख या उणिवेवर आहे. १९४२ मध्ये ढाक्यात जन्मलेले दासगुप्ता दिल्लीत भौतिकशास्त्र शिकून केंब्रिजला गेले आणि पुढे अर्थशास्त्राकडे वळले. १९७९ मध्ये त्यांनी जेफ्री हील यांच्यासह संपत जाणाऱ्या साधनसंपत्तीवर ग्रंथ लिहिला. ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी केलेला त्यांचा जैवविविधतेवरील अहवाल २०२१ मध्ये आला. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई उत्पादित भांडवल दुप्पट झाले, पण नैसर्गिक भांडवल जवळपास ४० टक्क्यांनी घटले, असे त्यात दिसते. म्हणजे जिला आपण वाढ म्हणतो, तिचा बराच भाग मुद्दल मोडून आलेला आहे.

निसर्गाची किंमत करणे म्हणजे तो बाजारात मांडणे, असा आक्षेप घेतला जातो. पण अख्ख्या जीवावरणाची किंमत काढणे दासगुप्तांनाही निरर्थक वाटते. ते नसेल तर किंमत करणाराही उरत नाही. त्यांचा हिशेब बदलाचा आहे: हे खारफुटीचे वन गेले तर समाजाचे किती नुकसान? हा प्रश्न टाळला, तरी प्रकल्पाचा निर्णय होतोच. फक्त त्यात नुकसान शून्य धरले जाते. निसर्गाची काळजी ही श्रीमंतांची चैन, हा दुसरा आक्षेप. दासगुप्तांनी गरीब गावांचा अभ्यास करून नेमके उलट दाखवले. सरपण, चारा, पाणी यांसाठी गरीब कुटुंबे गावच्या सामाईक साधनांवर अवलंबून असतात. ती आटली की पायपीट वाढते, मुले त्या कामाला जुंपली जातात आणि गरिबी मुरते.

निसर्गाच्या नुकसानीचे असे आकडे अचूक नसतात, हे खरे. पण जीडीपीतही अंदाज असतातच, म्हणून तो कोणी टाकून देत नाही. भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दासगुप्तांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये दिला आणि सांख्यिकी मंत्रालय आता पर्यावरणाचे लेखे प्रसिद्धही करते. मात्र विकासदराच्या घोषणेत त्यांना जागा नसते. वाढीच्या प्रत्येक आकड्याशेजारी नैसर्गिक भांडवलातली घट छापणे बंधनकारक केले, तर विकास कशाच्या बदल्यात झाला, हे विचारायला लोकप्रतिनिधींच्या हाती आधार येईल.