स्टार्टर मोटरची घरच्या घरी परीक्षा

कुंडल परिसरात ऊसतोड चालू असता ट्रॅक्टर सुरू होईनासा झाला, तर तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो व वजनात घट येते. अशा वेळी दोष स्टार्टर मोटरचाच आहे असे समजून नवी मोटर घेण्याची घाई होते. वास्तविक पुष्कळदा दोष उतरलेल्या बॅटरीचा अथवा गंजलेल्या टोकांचा असतो. कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली व तेथे लोखंडी नांगर घडू लागले. या भागातील शेतकऱ्यास पान्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मोटारगाडीलाही पुढील रीतच लागू पडते.

प्रथम बॅटरी पाहावी. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ पेक्षा कमी असल्यास ती आधी चार्ज करावी. टोके घासूनही इंजिन फिरले नाही, तरच मोटर उतरवावी. त्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे.

मोटर हातात किंवा पायाखाली धरून कदापि फिरवू नये. प्रवाह मिळताच ती असा हिसका देते की मनगट मुरगळते. ती व्हाइसमध्ये घट्ट आवळावी. मात्र आवरण चेपू देऊ नये. अंगठी व कडे काढावे, डोळ्यांवर चष्मा लावावा, मुलांना दूर ठेवावे. बॅटरी मोकळ्या हवेत, मोटरीपासून लांब असावी. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू एका ठिणगीनेही पेट घेतो.

जाड जंपर केबलने बॅटरीचे धन टोक सॉलेनॉइडच्या बॅटरीकडील मोठ्या बोल्टला जोडावे. दुसरी केबल आधी ऋण टोकास व अखेरीस मोटरच्या स्वच्छ, उघड्या धातूस लावावी, म्हणजे ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून दूर पडेल. नंतर त्याच मोठ्या बोल्टपासून एक बारीक तार सॉलेनॉइडच्या लहान टोकास क्षणभर टेकवावी. मोटर निकोप असल्यास पिनियन झटक्यासरशी पुढे येऊन वेगाने फिरते. चार-पाच सेकंदांत तार काढावी. भाराविना मोटर बेफाम वेग घेते.

पिनियन पुढे येऊनही मोटर फिरत नसल्यास सॉलेनॉइडचे संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव असतो. घरघर करीत मंद फिरल्यास बुश तपासून घ्यावेत. मोटर उत्तम फिरली, तर केबल, अर्थिंगची पट्टी व चावीचा स्विच पाहावा. तेही निर्दोष ठरल्यास मोटर कारखान्यात भारावर तपासून घ्यावी, कारण मोकळी फिरणारी मोटर इंजिनाच्या भाराखाली अडू शकते.