मागलें अंगण आणि त्याचे नियम

घराची ओळख पुढल्या दारावरून होते. पण घरांतील माणसांचा दिवस कसा जातो, हें कळतें मागल्या दारीं. जुन्या वाड्याच्या परसांत आड असे, धुण्याचा दगड असे, मोरीच्या पाण्यावर वाढणारें अळूं असे, आणि उन्हाळा लागला कीं पापड-कुरडयांची वाळवणें तेथेंच पडत. ती बसण्याउठण्याची जागा नव्हती, कामाची होती. तरी घरांतील बायकांना चार घटका मोकळी हवा मिळे ती तेथेंच. आज त्या परसाची जागा एका अरुंद पट्टीनें घेतली आहे. त्या पट्टीचें काय करावें, हा प्रश्न श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं निघत असेल, आणि त्याचें उत्तर बहुधा घाईनें दिलें जात असेल.

आकुर्डी हें या प्रश्नाचें चांगलें उदाहरण आहे. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी ज्या गांवच्या विठ्ठलमंदिरांत मुक्काम करते, तें हें गांव. कारखाने आले आणि गांवाचें रूप पालटलें. कामगारांना व मध्यम स्थितींतील कुटुंबांना घरें मिळावींत म्हणून १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्यानें आकुर्डी-निगडीच्या माळावर पेठा, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतले सेक्टर, आंखले. भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. आणि पुढें थोडी, मागें थोडी जागा सोडून ओळीनें घरें उभीं राहिलीं. जून २०२१ मध्यें तें प्राधिकरण विसर्जित झालें व त्याचें काम महानगरपालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यांत वांटलें गेलें. मागल्या अंगणाचा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

समजा, अशा एका ओळीच्या घरांतील गृहस्थ कारखान्यांतून नुकतेच निवृत्त झाले आहेत. घरामागें सहा मीटर लांब व तीन मीटर रुंद जागा आहे. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातीं आले आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, वर पत्रा टाकून एक खोलीच काढूं." पत्नीला वाळवणाला ऊन आणि दोन झाडें हवीं आहेत. नातवंडांना झोपाळा हवा. शेजारी सांगतात, "सगळ्यांनींच पत्रे टाकले आहेत, विचारतो कोण?" या चार मतांचा निवाडा कसा करावा?

पहिलें काम कागद पाहण्याचें. आकुर्डींत मागलें अंगण तीन प्रकारचें आढळतें. पहिला प्रकार स्वतंत्र भूखंडावरील घराचा. तेथें भाडेपट्टा व मंजूर नकाशा हे दोन कागद काढावे आणि पट्टा आतां कोणत्या कचेरीच्या अखत्यारींत आहे, हें विचारून घ्यावें. दुसरा प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेंतील ओळीच्या घराचा. तेथें संस्थेचे उपविधी पाहावे लागतात. बांधकामांत फेरबदल करण्यापूर्वीं समितीची लेखी परवानगी घ्यावी, असें त्यांत सामान्यतः असतें. तिसरा प्रकार उंच इमारतींतील तळमजल्याच्या सदनिकेचा. विक्रीच्या वेळीं "ही बाग तुमचीच" असें सांगितलेलें असतें. पण सांगण्यानें जमीन आपली होत नाहीं. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यानें उद्यानें, खेळाच्या जागा व उघडे वाहनतळ हे सामाईक क्षेत्रांत धरले आहेत. म्हणून नोंदणी झालेल्या करारांत त्या पट्टीचा उल्लेख कसा आहे आणि नकाशांत ती काय म्हणून दाखविली आहे, हें पाहिल्यावांचून तेथें एक फरशीहि बसवूं नये.

परदेशांतहि हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या उपनगरांतून घरमालकांच्या संघटना असतात. कुंपणाची उंची, हिरवळीची निगा, क्वचित् भिंतीचा रंगसुद्धां तेथें करारानें ठरतो, आणि तो करार जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातो. महाराष्ट्रांतील सहकारी संस्थेचा पाया निराळा आहे. येथें प्रत्येक सभासदाला एक मत असतें आणि समितीहून सर्वसाधारण सभा वरची असते. जाचक वाटणारा नियम सभेंत मांडून बदलतां येतो. वाद मिटलाच नाहीं तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालीं सहकार न्यायालय आहे. मात्र संस्थेच्या संमतीनें महानगरपालिकेचा नियम सुटत नाहीं. दोन्ही परवानग्या निरनिराळ्या आहेत.

महानगरपालिकेचा नियम कोणता? घर व भूखंडाची हद्द यांच्यामधील मोकळ्या जागेला सामासिक जागा म्हणतात. डिसेंबर २०२० मध्यें राज्यांतील बहुतेक शहरांसाठीं जी एकत्रित विकास नियमावली लागू झाली, तिच्यांतहि या जागेचें मूळ तत्त्व जुनेंच आहे: ती आकाशाला उघडी राहिली पाहिजे. तिच्यावर छप्पर चालत नाहीं. भिंतीला लागून छज्जा काढावयाचा तर तो पाऊण मीटरपर्यंतच. ओळींतल्या एका घरानें मागची बाजू झांकली कीं दोन्हीं शेजारच्या स्वयंपाकघरांचा उजेड कमी होतो, धूर व दमट हवा कोंडते, आणि आग लागल्यास मागून बाहेर पडण्याची वाट बंद होते. तुंबलेली गटाराची हौदी उघडण्यास माणूस आला तर त्याला उभें राहण्यास जागा उरत नाहीं. विनापरवाना बांधकामाला १९६६ च्या नगररचना अधिनियमाखालीं पाडण्याची नोटीस येऊं शकते. सर्वांनीं पत्रे टाकले म्हणून एकाचा पत्रा कायदेशीर ठरत नाहीं. नोटीस आली कीं प्रत्येकाला आपलें उत्तर स्वतंत्रपणेंच द्यावें लागतें, आणि निवृत्तीचा पैसा एकदां गेला कीं पुन्हां मिळत नाहीं.

पण नियमांत नकारच आहे असें नाहीं. झाडाभोंवतालचा पार, बांक, झोपाळा, घसरगुंडी, लहानसें कारंजें, रोपांची वाफ या गोष्टी उघड्या जागेंत करूं देण्याची पद्धत आहे. कुंपणाची भिंत साधारण दीड मीटरपर्यंत घेतां येते. वरचा भाग जाळीचा ठेवल्यास २.४ मीटरपर्यंतहि जातां येतें. म्हणजे नातवंडांचा झोपाळा आणि आजीचीं झाडें नियमांत बसतात. पत्र्याची खोली तेवढी बसत नाहीं. मुलाची अडचण खोटी नाहीं. घरांत माणसें वाढलीं कीं खोली लागतेच. तिच्यासाठीं चटईक्षेत्र शिल्लक आहे कीं नाहीं, हें वास्तुविशारदाकडून तपासून, नकाशा मंजूर करून, वरच्या मजल्याचा विचार करावा. अंगण हा त्याला पर्याय नव्हे.

कागद झाल्यावर ऊन पाहावें. आकुर्डी सुमारें १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. डिसेंबरांत त्याच वेळीं तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवर असतो. याचा परिणाम असा कीं, सहा मीटर उंच घराची सावली डिसेंबरांत दुपारीं उत्तरेकडे जवळजवळ साडेपांच मीटर पडते. अंगण घराच्या उत्तरेस व तीन मीटर रुंद असेल तर हिंवाळ्यांत तेथें दुपारचें ऊन उतरतच नाहीं. पण एप्रिलांत तीच सावली एक मीटरवर येते आणि वाळवणाला भरपूर ऊन मिळतें. अंगण दक्षिणेस असेल तर हिंवाळ्यांतील बसण्याची उत्तम जागा आपोआप मिळते. पश्चिमेकडील अंगण दुपारनंतर तापतें. तेथें भिंतीलगत, काढतां येतील अशा तारांवर मधुमालती किंवा जुई चढवावी. पत्रा स्वतः तापून खालीं उष्णता फेंकतो; पानें तसें करीत नाहींत.

तिसरी गोष्ट पाण्याची. पुण्याच्या परिसरांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. १८ चौरस मीटरांच्या या अंगणावर म्हणजे वर्षाला सुमारें १२,६०० लिटर पाणी पडतें. सगळीकडे सिमेंट केलें तर हें पाणी शेजाऱ्याच्या दारीं किंवा गटारांत जातें. पिंपरी-चिंचवड शहराला पवनेचें पाणी मिळतें, आणि नोव्हेंबर २०१९ पासून येथें दिवसाआड पाणी सोडण्यास आरंभ झाला, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना या हिशेबाचें महत्त्व सांगावयास नको. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पाऊसपाणी जिरविण्याची व्यवस्था सक्तीची आहे. लहान अंगणाला सक्ती नसली तरी फायदा तोच आहे. शहाबादी फरशीचे सांधे सिमेंटनें न भरतां वाळूचे ठेवावे, उतार घरापासून दूर द्यावा, आणि गच्चीच्या नळाखालीं झांकणाचें पिंप ठेवावें. पाणी उघडें मात्र राहूं देऊं नये; डेंग्यूचा डांस आठ-दहा दिवसांत अशाच पाण्यांत तयार होतो.

आतां त्या सहा मीटर बाय तीन मीटर जागेची आंखणी करतां येते. घराच्या भिंतीलगत एक मीटर रुंदीची फरसबंद वाट पूर्ण लांबीभर मोकळी ठेवावी. हौदी, नळ व दार यांच्यासाठीं ती लागते. उरलेल्या दोन मीटर रुंदीचे तीन भाग करावे: अडीच मीटर लांबीचा बसण्याचा, तेथें कडप्प्याचा बांक व झोपाळा, दोन मीटरांचा अगदीं मोकळा, वाळवणासाठीं व कपड्यांसाठीं, आणि दीड मीटरांचा मातीचा, मोरीच्या बाजूला. त्या मातींत अळूं व कर्दळ सांडपाण्यावर वाढतात. कढीपत्ता, लिंबू किंवा पारिजातक एवढें एखादें झाड पुरे. वड, पिंपळ, उंबर यांचें रोप भिंतींत उगवलेलें दिसतांच काढावें. त्यांचीं मुळें भिंत फोडतात. झाड लावतांनाच विचार करावा, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानें आपल्याच अंगणांतलें वाढलेलें झाड तोडण्यासहि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

शेवटीं शेजार. अंगण आपलें असलें तरी आवाज, धूर आणि गळणारीं पानें हद्द ओळखीत नाहींत. वस्तींत रात्रीं ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. पण नियमाहून सोपी वाट अशी: आंखणीचा कागद प्रथम दोन्हीं शेजाऱ्यांना दाखवावा, मग समितीला अर्ज द्यावा आणि संमतीची नोंद इतिवृत्तांत करून घ्यावी. उद्यां समिती बदलली तरी तो कागद राहतो.

आणि पैसा खर्च करण्यापूर्वीं थोडें थांबावें. २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर व २२ डिसेंबर या चार दिवशीं सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं अंगणांत सावली कोठवर येते, तेथें खडूनें रेघ ओढावी व वहींत उतरून घ्यावी. पावसाळ्यांत पाणी कोठें सांचतें तेंहि लिहून ठेवावें. नातवंडांना हें काम आवडतें. वर्षाअखेर त्या वहींत जी आंखणी तयार होते ती कोणत्याहि कारागिराला दाखवितां येते, आणि झोपाळा कोठें टांगावा यावर घरांत फारसा वाद उरत नाहीं.