पिंगुळीचें कलाआंगण

आमच्या वालावलच्या श्रीलक्ष्मीनारायणाच्या देवळाची व तेथील रम्य तळ्याची कीर्ति परगांवच्या वाचकांच्या कानीं असेल. पण त्याच कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी गांवीं एक कुटुंब आपल्या अंगणांत कलाशाळा चालवीत आहे, हें आपल्या सुशिक्षित घरांतून फारसें ठाऊक नसतें. दुसऱ्यांस काय बोल लावावा? पिंगुळीचीं चित्रें मीं स्वतः प्रथम पाहिलीं तीं पुण्यास, केळकर संग्रहालयांत ! घरापासून हाकेच्या अंतरावरील वस्तु पाहण्यास पुण्यास जावें लागलें, याची लाज आजही वाटते.

ही कला चित्रकथीची. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं चित्रें कागदावर रंगवून, पाठीस पाठ चिकटवून त्यांची पोथी करावयाची. मग एकेक चित्र श्रोत्यांपुढें उभें धरून कथा गावयाची. साथीस वीणा, टाळ आणि हुडूक. चेहरे बहुधा एका बाजूनें काढलेले, डोळे मोठे व टपोरे. या चित्रांचें चामड्याच्या छायाबाहुल्यांशीं असलेलें नातें पाहतांक्षणींच ध्यानांत येतें. कळसूत्री बाहुल्यांचा खेळही याच ठाकर समाजाचा. सावंतवाडी संस्थानानें या कलावंतांस आश्रय दिला होता. पुढें तो आश्रय सरला, करमणुकीचीं नवीं साधनें आलीं, आणि रात्रभर गाऊनही पोट भरेना, तेव्हां पुष्कळांनीं पोथ्या बांधून ठेवून मोलमजुरीची वाट धरली. त्यांस दोष कोणी द्यावा?

परशुराम विश्राम गंगावणे यांनीं मात्र हा वारसा सोडला नाहीं. २००६ सालीं त्यांनीं घरच्या गुरांच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें त्याचें नांव. वडिलांनंतर मुलगे, अशी हातोहात ही विद्या चालत आली असून आतां परक्यांसही ती शिकवली जाते. २०२१ सालीं भारत सरकारनें गंगावणे यांस पद्मश्री देऊन गौरविलें.

माझ्या मतें खरी अडचण चित्रांची नाहीं. चित्र काढावयास शिकणारे मिळतात; तें विकतां येतें, दिवाणखान्यांत टांगतां येतें. पण त्याच्यासवें गावयाचें आख्यान कोण पाठ करणार? एका हातानें चित्र परतावें, मुखानें कथा चालवावी, आणि सूर सुटूं देऊं नये, ही विद्या चार दिवसांच्या वर्गांत कशी यावी? ती लहानपणापासून घरांतच कानांवर पडावी लागते. म्हणूनच येथें शाळा आणि घर वेगळीं काढतां येत नाहींत.

गेल्या खेपेस माझा नातू बरोबर होता. कळसूत्री बाहुलीचे दोरे त्याच्या हातीं दिले, तों तिनें नमस्काराऐवजीं सपशेल लोटांगणच घातलें. सारे हंसले, पण चिरंजीवांनीं दोरे सोडले नाहींत. संध्याकाळची वालावलची गाडी आम्हांस चुकली.